दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

प्रिय अक्का,

जयभीम. तुला पत्र लिहायची माझ्यावर कधी पाळी आली नव्हती. तुला आलेली पत्रं मी वाचून दाखवायचो, तू उत्तर सांगायचीस आणि मी लिहायचो. वर तुझी तंबी असायची, "किसना, तुझ्या मनचं घालू नको." आज सगळं माझ्या मनचंच घालणार आहे. ऐकून घे.

तू जाऊन तीन महिने होत आले. लग्नसराई संपली, भोंगे धुऊन पुसून माळ्यावर गेले. दुकान रिकामं होतं म्हणून भिंतींना चुना मारायला काढला. भिंतीवरचं सामान उतरवताना तुझ्या नावाची ती रेकॉर्डही उतरवली. दुपारी ती वाजवली. आणि अक्का, तू सांगत होतीस तेच खरं निघालं. मी चुकलो होतो. एवढंच सांगायला पत्र लिहितोय, पण एवढंच लिहून भागणार नाही.

दाजींची ढोलकी आठवते तुला? काय विचारतोय मी! ताडकळसच्या विहारापुढं भजन बसायचं, तेव्हा दाजी खांबाला टेकून बसायचे. काळ्या जाड काड्यांचा चष्मा, आणि नाकाला घाम सुटला की तो खाली घसरायचा. मग धृपदावर यायच्या अगदी आधी त्यांचा उजवा हात वर जायचा, चष्मा नीट करायचा आणि परत ढोलकीवर यायचा. तेवढ्यात एक थाप राहून जायची. सुरुवातीला मंडळी हसायची. पुढं पुढं ती जागा सगळ्यांना सवयीची झाली. चष्मा घसरला नसला तरी दाजी ती थाप खायचे, आणि त्या रिकाम्या जागेनंतरची थाप अशी पडायची की बसलेला माणूस सरळ व्हायचा. मी दुसरा कोणी ढोलकीवाला असं वाजवताना ऐकला नाही. ऐकला असता तर मला कळलं असतं. कानाच्या बाबतीत मला गर्व होता, आणि तो तूच लावलेला.

दाजींबरोबर तू ऊसतोडीला निघालीस त्या साली मीही कोयता घेऊन तयार होतो. तू माझ्या हातातला कोयता काढून घेतलास. "तुझे कान लय तिखट हायत. शेजारच्या आळीत कुनाच्या बैलाची घंटी वाजली ते सांगतूस. कोयत्याला कानाचा काय उपेग?" म्हणालीस. मग मला परभणीत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट करायला ठेवलंस. तिथं मी मशीन उघडायच्या आधी नुसत्या गुणगुणीवरून कुठं दुखतंय ते ओळखायला लागलो. मालक म्हणायचे, ह्याला डॉक्टर करा. पुढं एक भोंगा, एक मशीन, एक बॅटरी, असं करत माझी स्वतःची सर्व्हिस उभी राहिली. सगळ्या जिल्ह्यात भोंगेवाला किसन म्हणून ओळखतात ते तुझ्या त्या एका वाक्यामुळं. हे तुला तोंडावर कधी म्हणालो नाही.

दुष्काळाच्या साली तू खडी फोडायला जायचीस आणि दाजी एका जलशाबरोबर मुंबईला गेले. वर्षाच्या आत त्यांचं कार्ड आलं. ते मी तुला तीनदा वाचून दाखवलं असेल. एक मोठी रेकॉर्ड निघतेय, हिरव्या रंगाचं पाकीट असेल, त्यात दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला ढोलकी माझी आहे. किसनला सांग, आली की वाजवून दाखव म्हणावं.

रेकॉर्ड आपल्याकडं यायच्या आधी दाजी गेले. कावीळ झाली म्हणून दवाखान्यात घातलं आणि तिथंच. आपल्याला कळलं तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते. सोबतच्या माणसानं एक पिशवी आणून दिली. त्यात दोन सदरे, एक टॉवेल आणि तो चष्मा. चष्मा तू बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलास. लोक म्हणाले, चष्मा कशाला ठेवायचा? तू म्हणालीस, "त्येला त्याच्याबिगर दिसत न्हाई." 

मग हिरव्या पाकिटाची ती रेकॉर्ड आली आणि तिनं धुमाकूळ घातला. तुला आठवत असेल, हळदीला तीच, वरातीला तीच. बारा गाणी होती पण लोकांना दुसऱ्या बाजूचं तिसरंच पाहिजे असायचं. मी नांदेडहून आणली, त्याच आठवड्यात बॅटरीवरचं मशीन सायकलीला बांधून ताडकळसला आलो. अंगणात मांडलं. तू हात पुसत येऊन बसलीस. गाणं सुरू झालं, संपलं. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो.

"ह्यो त्यो न्हाई," तू म्हणालीस.

"कोन न्हाई?"

"तुझा दाजी."

मी हसलो. तुला समजावलं की स्टुडिओत माणूस घरच्यासारखं वाजवत नाही. तिथं हातात कागद असतो, समोर मोठी माणसं असतात, काच असते. मी तरी स्टुडिओ कुठं पाहिला होता? तू एवढंच म्हणालीस, "काच असू दे न्हाईतर भित्ताड असू दे. हात तर त्योच असंल ना?"

तुला पटलं नाही ते मला लागलं. ती रेकॉर्ड झिजली, दुसरी आणली, आणि दुसरी आणल्यावर एक गोष्ट ध्यानात आली की दोन्हींचा आवाज एक नाही. गाणी तीच, पाकीट तेच, पण एकीत गाणाऱ्या बाईंचा आवाज पुढं, एकीत जरा मागं. एकीचा कागदी शिक्का गडद निळा, एकीचा फिका. मला नादच लागला. कोणाच्या घरी लग्नाला गेलो की हिरवं पाकीट आहे का विचारायचो. गंगाखेडच्या एका हॉटेलातून एक मिळाली, तिच्यावर चहाचे गोल डाग. अशा सात जमल्या. दोन मशीनवर दोन रेकॉर्ड लावायच्या, एकदम सुरू करायच्या आणि बटण इकडून तिकडं फिरवून ऐकायचं. माझ्या शेजारचे घड्याळवाले रहीमभाई वैतागायचे. "किसनभाई, एकीच गाना सात बार सुन रै तुम. सातवे बार में क्या दुल्हन निकलेगी?" पण त्यांनीच मला घड्याळाचं भिंग दिलं आणि त्या भिंगातून मला नंबर दिसले.

अक्का, रेकॉर्डीवर शेवटचं गाणं संपलं की शिक्क्याच्या भोवती थोडी गुळगुळीत काळी जागा राहते. तिथं बारीक नंबर कोरलेला असतो. मी सातही रेकॉर्डींचे नंबर वहीत उतरवले. सातांच्याही पहिल्या बाजूचा नंबर एकच, शेवटी १. दुसऱ्या बाजूचाही एकच, शेवटी २. मी म्हटलं, बरोबर आहे, पहिल्या बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. वही मिटली. सात साक्षीदार एकच सांगतात म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? हीच माझी चूक. सातही एकाच घाण्यातून निघालेल्या असतील हे ध्यानात आलं नाही.

आठवी पिंगळीला मिळाली. तिथल्या स्टेशनातले एक बाबू मुंबईहून बदली होऊन आले होते. मी भोंगेवाला म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, हिरवी रेकॉर्ड आमच्याकडं आहे, दुकानात लागली त्याच आठवड्यात घेतलेली. जरा खरचटलीय पण. मी त्यांना माझ्यातली एक चांगली दिली आणि ती घेतली. त्याच आठवड्यात घेतलेली, हे ऐकूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. खरचटलेली, एवढं मात्र पक्कं बसलं.

त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. पिंगळीहून परस्पर तुझ्याकडं आलो. तू अंगणात ज्वारी पाखडत होतीस. मी मशीन मांडलं, नवीन पिन आदल्याच दिवशी बसवली होती. दुसरी बाजू, तिसरं गाणं. तू सूप हलवतच होतीस. पहिलं कडवं झालं, धृपदावर यायच्या आधी आवाजात एक खड्डा पडला, आणि माझा हात आपोआप गेला. पिन उचलली.

तुझं सूप थांबलं होतं. "हेच हाय," तू म्हणालीस. "ह्यो तुझा दाजी हाय."

"अक्का, पिन उडाली. खरचटलीय तिथं."

"उडू दे. वाजव."

"अगं, नवी पिन हाय. आनखी वाजवली तर वाट लागंल तिची. त्ये थाप खाल्ल्यावानी वाटलं ना, त्ये खरचटल्यामुळं."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. "किसना, तुला रेकॉर्डी वळखू येत्यात. मला मानूस वळखू येतं."

मी म्हणालो, "बरं, बरं."

अक्का, ते "बरं, बरं" मला आज दुपारपासून ऐकू येतंय. लहान पोराला म्हणावं तसं म्हणालो मी ते. तू सूप उचललंस आणि पुन्हा पाखडायला लागलीस. का भांडली नाहीस? कोंबडी मांडीवर घेऊ नको म्हणाला म्हणून एसटीच्या कंडक्टरशी तू ताडकळसपासून परभणीपर्यंत भांडलेली बाई. माझ्याशीच का नाही भांडलीस? हात धरून म्हणाली असतीस, ठेव ती पिन खाली, तर ठेवली असती. पण भोंग्याच्या कामात मला कळतं असं तू धरून चालली होतीस. माझ्या कानांवर तुझाच विश्वास जास्त होता. तो तुला नडला.

पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. खराब रेकॉर्ड फेकायची नाही अशी आमच्या धंद्यात पद्धत. कोणी तिला गरम करून वाटी करतं, कोणी तिच्यावर रंगानं नाव घालून दुकानात टांगतं. मला दुकानासाठी पाटी पाहिजेच होती. पेंटरनं पहिल्या बाजूवर पांढऱ्या रंगात लिहिलं, ताराबाई लाऊडस्पीकर सर्व्हिस. मधल्या भोकात खिळा, आणि गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर लावली. नाव पुढं, दुसरी बाजू भिंतीकडं.

तू पहिल्यांदा बघितलीस तेव्हा विचारलंस, "ही कंची?"

"पिंगळीची. खरचटलेली. तुझं नाव लिवलंय."

तू स्टुलावर चढून तिला हात लावलास. मी म्हणालो, पडशील की. तू खाली उतरलीस आणि पदरानं बोट पुसलंस. त्यानंतर परभणीला आलीस की दरवेळी तेच. आधी चहा नको, पाणी नको. "हाय ना रे ती? फेकू नको बरं." मला वाटायचं, नावाचं कौतुक आहे. आपलं नाव वाचता येत नसलं तरी भिंतीवर बघायला कोणाला आवडणार नाही? रहीमभाईंना मी हसत सांगायचोसुद्धा, बहिणीला पाटीची लय काळजी. तू तिच्याखाली बसून चहा प्यायचीस. कधी कधी बराच वेळ बसायचीस. मी धंद्याच्या घाईत. आता मला कळतंय तू कोणापाशी बसायचीस.

तर आजचं सांगतो. रेकॉर्ड उतरवली. मागच्या बाजूला चुन्याची धूळ आणि कोळ्याची जाळी. ओल्या फडक्यानं पुसताना शिक्क्याजवळच्या काळ्या जागेवर बोट फिरलं आणि नंबर लागला. रहीमभाईंचं भिंग खिशात असतंच. पाहिलं. दुसरी बाजू, आणि नंबराच्या शेवटी १.

मी वही काढली. सातही रेकॉर्डींच्या दुसऱ्या बाजूला २. हिच्या एकटीच्या दुसऱ्या बाजूला १. म्हणजे तो आकडा बाजूचा नव्हताच. ती बाजू पहिल्यांदा बनली ती १, पुन्हा बनवली ती २. पुन्हा का बनवली असेल?

दोन मशीन मांडली. उजवीकडं सातांतली एक, डावीकडं तुझी. तुझी इतकी वर्षं खिळ्यावर राहून जरा वाकलीय, फिरताना होडीसारखी डुलते. आधी भिंगातून तिसरं गाणं सगळं तपासलं. त्यावर ओरखडा नाही, अक्का. ओरखडा आहे तो चौथ्यावर. मग पिन ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

पहिलं कडवं. खड्डा आला. पिन उडाली नाही, बाईंच्या सुराला धक्काही लागला नाही. नुसती एक थाप नव्हती, आणि मग ती पुढची आली, खांबाला टेकून बसलेल्या माणसाची. दुसऱ्या कडव्यानंतर तसंच. तिसऱ्या कडव्यानंतर तसंच. त्याच जागी, तेवढ्याच वेळाची. ओरखडा असा तालात कधी येतो का? बटण उजवीकडं फिरवलं. तिथं सगळ्या थापा भरलेल्या, एकही जागा मोकळी नाही. छान वाजवलंय. कोणीतरी दुसरा आहे.

कंपनीत काय झालं ते मला कळायचा मार्ग नाही. कोणाला वाटलं असेल, ढोलकीवाला तीनदा चुकला, गाणं परत घ्या. तोवर दाजी आजारी असतील, किंवा बोलावलंच नसेल. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही तेच केलं. त्यांनी ती जागा चूक समजून भरून काढली, मी खरचटलेली समजून पिन उचलली. आम्ही सगळे कानवाले. तुला एक खड्डा पुरला.

मला वाईट कशाचं वाटतंय सांगू? तू एकदाच ऐकलंस, आणि तेही एका कडव्यापुरतं. तीनदा होते ते. तिसऱ्या वेळी तर दाजी थापेनंतर डाव्या हातानं असा घुमारा काढतात की बाईसुद्धा गाता गाता किंचित हसल्यासारख्या वाटतात. ते तू ऐकायचं राहिलं. माझ्या एका पिनीसाठी.

रहीमभाई दारात उभे होते. म्हणाले, "क्या निकला, दुल्हन?"

मी म्हणालो, "दाजी निकले."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि सगळं गाणं उभ्यानंच ऐकलं. त्यांच्यासाठी मी ते दुसऱ्यांदा लावलं होतं. तिसऱ्यांदा लावलं नाही. दरवेळी पिन रेकॉर्डीला थोडी खाते, हे तुला मी कधीतरी सांगितलं होतं. अशी दुसरी मला अजून सापडलेली नाही. शोधत राहीन, पण सापडेल असं धरून चालत नाही. म्हणून आता ती कोणाच्या हळदीला लागणार नाही, वरातीला लागणार नाही. कोणी तिसरं गाणं मागितलं तर सातांतली एक लावीन. ते गाणंही वाईट नाही.

पुढून तुझं नाव पुसणार नाही. पेंटरचा रंग चांगला निघाला. पण आता खिळ्यावर टांगणार नाही, पाकिटात घालून सपाट ठेवीन. दुकानाला टिनाची पाटी करतो. नाव तेच.

तुझं वर्ष होईल त्या दिवशी ताडकळसला विहारापुढं कार्यक्रम ठेवणार आहे, वस्तीतल्या सगळ्यांना बोलावीन. वंदना झाली की मी मशीन मांडीन. बॅटरी नवी, पिन नवी, एक भोंगा वस्तीकडं आणि एक शेताकडं. दाजींचा चष्मा मशीनशेजारी ठेवीन. इतकी वर्षं मी माइकवर नवरीच्या मामाचं, जेवण देणाऱ्याचं, सरपंचाचं नाव पुकारलं. दाजींचं कधी पुकारलं नाही. रेकॉर्डीच्या पाकिटावर ते नाही, शिक्क्यावर नाही. मी पुकारीन: दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, ढोलकीवर ताडकळसचे मारोती.

मग पिन ठेवीन आणि चार पावलं मागं जाऊन उभा राहीन, हात पोहोचणार नाही इतका लांब. गाणं पुरं होईल, अक्का. तिन्ही वेळा.

तुझा,
किसन